हळू कशाला बोलायचं?

“काय वं बेटा, गोड बातमी शे का?”

चोपड्याच्या मेडिकलवर प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल घेत होते. शेजारच्या आजींनी पाकीट ओळखलं, त्यांच्या सुनेला हेच दिलं होतं म्हणे. मी म्हटलं, “नाही आजी, मला फिट येतात, त्यासाठी आहेत.”

आजींनी आधी मागे कोण उभं आहे ते पाहिलं. मग माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “हयू बोल वं माय.”

गोड बातमी भर दुकानात मोठ्याने विचारता येते, फिट मात्र कुजबुजत सांगायची. आजींचा राग नाही, त्यांना माझी काळजीच होती. पण मनातून जात नाहीये.

माझ्या फिट पाळीच्या आसपासच जास्त येतात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारा एक घटक मेंदूला शांत ठेवतो. पाळीआधी हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि काहींना नेमके तेव्हाच झटके येतात. म्हणून पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात या कॅप्सूल, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवूनच. सगळ्यांना लागू पडत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एकूण फरक दिसला नाही, पण पाळीच्या दिवसांत झटके खूप वाढणाऱ्या बायकांना फायदा दिसला. मला झोप फार येते, तरी ते दिवस आता निभावतात.

आई कॅलेंडरवर पाळीला लाल गोल करायची, फिटला निळी फुली. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली, तर फुल्या गोलांना चिकटूनच होत्या. तोवर हे दोन्ही एकत्र कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरात कुणा मुलीला फिट येत असतील, तर तिच्या पाळीच्या तारखा कुणी विचारल्यात का?