बीडीडीची खोली : १६० चौरस फुटांचा हिशोब

चाळ म्हटली की बहुतेकांना गिरगावातली लाकडी कठड्याची गॅलरी आठवते. मुंबईतल्या बीडीडी चाळींत गॅलरी नाही. इमारतीच्या पोटातून एक लांब पॅसेज जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, सगळीकडे हाच नकाशा. इथल्या आयुष्याला जे वळण लागलं ते बरंचसं या पॅसेजमुळे, असं माझं मत आहे.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा, असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. खोल्या सोळा हजारांच्या वर, पण घेणारे मिळेनात. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडायची, आणि दोन्ही बाजूंनी खोल्या असल्यामुळे पॅसेजला उजेड नाही, खोलीत वारा खेळत नाही. रिकाम्या चाळींचा सरकारला उपयोग सापडला तो १९३० नंतर. सविनय कायदेभंगातल्या सत्याग्रहींना ठेवायला वरळीत तात्पुरता तुरुंग झाला. आजही कुणी ‘तुरुंगासारख्या खोल्या’ म्हणालं, तर ती नुसती उपमा नाही.

खोली १६० चौरस फुटांची. आत शिरलं की शेवटी खिडकी, खिडकीशी मोरी, मोरीला लागून ओटा. एका भिंतीला लोखंडी कपाट आणि पलंग. वर पोटमाळा. छत बऱ्यापैकी उंच म्हणून तो निघतो, पण वर माणूस बसूनच वावरतो. झोपायचा क्रम ठरलेला : म्हातारी माणसं पलंगावर, पोरं पोटमाळ्यावर, पलंगाखाली एक गादी, उरलेली पुरुषमाणसं पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये प्रत्येकाची जागा आपल्या दाराएवढी. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची.

पाण्याचं गणित वेगळंच. दोनशे लिटरचं पिंप भरलं की निव्वळ पाण्याचं वजन २०० किलो. जाणती माणसं पिंप भिंतीला लावून ठेवतात, स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही. पोटमाळ्यावर तर विचारूच नका. मोरीची फरशी बदलताना गवंड्याने उतार चुकवला की पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते, आणि मग भांडण मोरीचं राहत नाही, दोन घरांचं होतं. संडास मजल्यावर सामायिक. सकाळी बादली रांगेत ठेवून चहा उरकून येणं शिष्टसंमत आहे, पण नंबर आला तेव्हा माणूस हजर नसेल तर बादली मागे सरकते.

या चाळी काँक्रीटच्या, म्हणून लोकांना त्या अभेद्य वाटायच्या. घात काँक्रीटने नाही, आतल्या लोखंडाने केला. खाऱ्या हवेने आणि झिरपणाऱ्या पाण्याने सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे सळई फुगून भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. आधी तपकिरी रेघ, मग तडा, मग पोपडा खाली. वरून प्लास्टर थापलं की दोन-तीन पावसाळे झाकलं जातं, गंज मात्र चालूच राहतो. दुरुस्ती करायची तर सळई उघडी करून गंज खरवडावा लागतो आणि कमी पडली तर जोड द्यावी लागते. भरल्या घरात, डोक्यावर हे काम कोण करून घेणार?

इथली माणसं सगळी एका साच्यातली नव्हती, आजही नाहीत. कोकणातले, घाटावरचे, बौद्ध, मराठा, शिवाय पोलिसांच्या सेवानिवासाच्या खोल्या. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली ती याच चाळींमध्ये. शेजारधर्माचे गोडवे गाताना हे पान उलटून टाकू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि बायकांच्या खाणावळी व शिवणयंत्रांवर कित्येक घरं तगली. तरीही जांबोरी मैदानात दहीहंडी, चाळीच्या तोंडाशी गणपती आणि १४ एप्रिलची रोषणाई, सगळं चालूच राहिलं.

आता म्हाडा पुनर्विकास करते आहे, तो वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळींचा. १६० च्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, फुकट. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. कागदांच्या बाबतीत लोक अडकतात ते नावापाशी : खोली आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच वारलेले, आणि हस्तांतर तीन मुलांपैकी कुणीच केलेलं नाही. भाडेपावती, वीजबिल, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती एका फायलीत नसेल, तर पात्रतेच्या यादीत घर लोंबकळतं.

टॉवरमध्ये पॅसेज लिफ्टसमोरचा. तिथे कुणी गादी टाकणार नाही, आणि टाकायची गरजही उरलेली नाही. लग्नाच्या मुलाला स्वतंत्र खोली मिळाली हे या चाळींत शंभर वर्षांत पहिल्यांदा होतंय. ‘चाळ संस्कृती हरवली’ म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी त्या रांगेत सकाळी बादली लावून बघावी.

शिवडीच्या १२ चाळी मात्र यात नाहीत. त्यांची जमीन पोर्ट ट्रस्टची (आताचं मुंबई बंदर प्राधिकरण), म्हणजे केंद्राची. तिथे सळया अजून गंजतायत आणि पिंपं अजून भिंतीलाच लावलेली आहेत.