बंड्यासाठी पायघड्या

कोथरूडमधला एक फ्लॅट माझ्याकडे विकायला आलेला आणि सहा महिने नुसता पडून होता. पहिला मजला, टू बीएचके, सातशेदहा कार्पेट, हॉलला लागून मोठं टेरेस, बिल्डिंग तीसएक वर्षं जुनी. मालक काका-काकू मुलाकडे वाकडला राहायला गेलेले आणि चावी माझ्याकडे. दर आठवड्याला एखादी पार्टी यायची, हॉल आवडायचा, किचन आवडायचं, मग टेरेसवर जायचे, मान वर करून वरच्या चार मजल्यांच्या बाल्कन्या मोजायचे आणि म्हणायचे, कळवतो. आमच्या धंद्यात कळवतो म्हणजे नाही. टेरेसवर वरून काय काय पडायचं ते मी बघितलंय, केसांचे गुंतवळ, सिगरेटची थोटकं, एकदा तर कुणाचा तरी अख्खा पंचा. शिवाय पहिला मजला म्हणजे डास, गेट समोर म्हणजे आवाज, काकांनी भाव दोनदा खाली आणला तरी हलेना.

मग एक दिवस फोन आला. बाईंनी भाव नाही विचारला, पार्किंग नाही विचारलं, पहिलाच प्रश्न, "टेरेसच्या कठड्याची उंची किती आहे हो?" पंधरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं साडेतीन फूट असेल, का हो? तर म्हणाल्या आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, बंड्या, नऊ वर्षांचा. सध्या भाड्याने राहतो, आठवा मजला, आणि गुरुवारी लाईट गेली की याला खाली नेणं म्हणजे गणपती उतरवण्यासारखं आहे, चौतीस किलो वजन आहे त्याचं. चार वर्षांत दोन घरं बदलली, दोन्ही वेळा मालकाने कुत्र्यावरून खाली करायला लावलं, आता विकतच घ्यायचं ठरवलंय. बंड्याला घेऊन आलं तर चालेल ना?

म्हटलं चालेल की.

आता मी पडले हुशार ब्रोकर. कुत्रेवाली पार्टी आहे म्हटल्यावर घर असं सजवलं की विचारू नका. आदल्या दिवशी मावशींना बोलावून दुप्पट फिनाईल टाकून फरशी पुसून घेतली, सकाळी परत एकदा, टाईल्समध्ये तोंड दिसत होतं. लॅव्हेंडरचा स्प्रे मारला. नर्सरीतून टेरेससाठी चार कुंड्या मागून आणल्या, दोन फुललेल्या कण्हेरी आणि दोन त्या मोठ्या ठिपक्याठिपक्यांच्या पानांच्या डिफेनबेकिया. आणि जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' लिहून नेटवरून उचललेला गोल्डन रिट्रीव्हरचा हसरा फोटो टाकला. (त्यावर एकाने मेसेज केला, कुत्रा पण सोबत देणार का.)

बंड्या आला. गोरापान, तोंडाभोवती पांढरा झालेला, दारात जरा थांबला, हुंगलं, एक जोरात शिंक दिली आणि आत दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला चारी पाय चार दिशांना. पोटावर पसरला तो हॉलच्या मध्यभागी आणि त्याला उठताच येईना, मागचे पाय नुसते फरशीवर सर्र सर्र सरकत होते, नखांचा आवाज येत होता आणि तो आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता, माणूस पडल्यावर बघतो ना तसं. बाई त्याच्या शेजारी फरशीवरच बसल्या, त्यांच्या साहेबांनी टॉवेल मागितला, तो त्याच्या पोटाखालून घालून मागचा भाग उचलला आणि तसंच हळूहळू बाहेर नेलं. जाता जाता बाईंनी टेरेसकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, ताई, ती कण्हेर काढून टाका हो, पानं-फुलं सगळं विषारी असतं, कुत्र्याने चघळलं तर हार्टवर जातं. आणि त्या दुसऱ्या झाडाने तोंड सुजतं.

म्हणजे मी ज्या ज्या गोष्टीवर पैसे घातले होते ती प्रत्येक गोष्ट त्या कुत्र्याच्या विरोधात होती. वाईट वाटलं, खरं सांगते, ब्रोकरेज गेल्याचं पण वाटलं पण त्याहून त्या बंड्याचं वाटलं.

संध्याकाळी मी फोन केला, माफी मागितली आणि सरळ विचारलं की तुम्ही घर बघायला जाता तेव्हा नक्की काय बघता, मला शिकवा. बाई मोकळ्या होत्या, पाऊण तास बोलल्या. मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं, तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

सगळ्यात मोठी भानगड फरशीची. ही चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल आपल्याला श्रीमंत वाटते पण कुत्र्याला ती बर्फाची लादी आहे, त्यात लॅब, जर्मन शेफर्ड वगैरेंना कमरेच्या सांध्याचा त्रास पिढीजात असतो, वय झालं की घसरण्याची इतकी भीती बसते की ते खोलीत यायचंच सोडून देतात. मॅट फिनिशची टाईल, पॉलिश न केलेला कोटा, जुनी पॉलिश गेलेली मोझॅक, यावर पाय धरतो. आपल्याकडे लोक रिसेलला काढायच्या आधी खर्च करून मोझॅक उखडतात आणि चकचकीत टाईल घालतात. या काकांनी पण हॉलमध्ये तेच केलेलं, बेडरूमचं मात्र पैसे संपले म्हणून राहिलं होतं. ते राहिलं म्हणून वाचलो, ते पुढे सांगते.

दुसरं वास. आपल्याला वाटतं फिनाईल म्हणजे स्वच्छ. कुत्रा नाकाने घर बघतो आणि आपण त्याच्या नाकात आधीच मिरच्या कोंबून ठेवतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, साध्या पाण्याने पुसा, व्हिजिटच्या निदान दोनतीन तास आधी, म्हणजे वाळते पण.

तिसरी गोष्ट ऐकून मला हसू आलं, ड्राय बाल्कनी, म्हणजे किचनला लागून असते ती धुण्या-भांड्यांची छोटी बाल्कनी. त्या म्हणाल्या पावसाळ्यात दिवसातून तीनदा चिखलाचे पाय धुवायचे असतात, आणि गोचिड्यांसाठी पंजे, कान बघायचे असतात, तर मला ड्राय बाल्कनीत खाली नळ आहे का, पाणी तुंबतं का आणि तिथे कुत्रा आणि मी दोघं मावतो का एवढंच बघायचंय. आम्ही ड्राय बाल्कनीत आजवर काय करत आलो, तर पार्टी यायच्या आधी तिथे जुन्या बादल्या, रद्दी, सिलिंडर कोंबायचा आणि दार लावून घ्यायचं.

आणि शेवटचं म्हणजे सोसायटी. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं पण मला कळलं की खरा प्रश्न तोच आहे. माणसं घर बघतात तेव्हा घर बघतात, ही माणसं लिफ्टमधला बोर्ड बघतात. 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये मनाई' असा कागद सेलोटेपने चिकटवलेला दिसला की वरचा फ्लॅट कितीही सुंदर असो, ते मनातून गेलेले असतात.

आता यात कायदा काय आहे ते मला साधारण माहीत होतं, नंतर नीट वाचून घेतलं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या फेब्रुवारी 2015 च्या गाईडलाईन्स आहेत, त्यात स्वच्छ म्हटलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, जनरल बॉडीत सगळ्यांनी हात वर केले तरी नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, भुंकतो म्हणून काढा असंही म्हणता येत नाही. कुत्रेवाल्यांनी त्यांच्या बाजूने घाण उचलायची, लस द्यायची, आणि महापालिकेचं लायसन्स लागतं ते काढायचं, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. हे सगळं खरं आहे, पण पार्टीला हा कागद दाखवून घर विकायला गेलात तर ती पार्टी पळणार, कारण रोज सकाळी वॉचमनशी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींशी गाठ त्यांचीच पडणार आहे.

म्हणून मी फ्लॅट बाजूला ठेवला आणि सेक्रेटरी काकांकडे चहाला गेले. सरळ विचारलं, काका, कुत्रा आला तर काय म्हणाल? काका जरा घुश्शात, म्हणाले मागे एक भाडेकरू होता, त्याचा हस्की रात्रभर रडायचा, आणि जिन्यात घाण. (पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्की, तो रडेल नाहीतर काय करेल.) मी म्हटलं हा म्हातारा आहे, दिवसातून अठरा तास झोपतो, पहिलाच मजला आहे म्हणजे लिफ्टचा प्रश्नच नाही, अठरा पायऱ्या उतरल्या की गेट. काका म्हणाले, बघा बुवा, मला एकट्याला विचारून काय उपयोग. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही भेटले. आजींना कुत्र्यांची भीती, लहानपणी चावलेला. त्यांचं म्हणणं एवढंच की दूधवाला येतो तेव्हा साडेसहाला मी खाली उतरते, त्या वेळी जिन्यात नको.

हे मी बाईंना जसंच्या तसं कळवलं, आजींसकट. लपवायचं नाही असं ठरवलेलं. त्या म्हणाल्या आम्ही सहालाच टेकडीवर असतो, वेताळ टेकडी जवळ पडते म्हणून तर कोथरूड बघतोय, आता बंड्या वरपर्यंत चढत नाही, टेकडीवरच्या एआरएआय संस्थेच्या रस्त्याने थोडं जाऊन बसतो आणि मोरांचा आवाज आला की कान उभे करतो. पट्टा सोडत नाही आम्ही, मोरांच्या मागे लागतात ना.

दुसऱ्या व्हिजिटला मी काहीच विकत आणलं नाही. घरून तीन सतरंज्या नेल्या, काकूंच्या माळ्यावरून दोन काढल्या, आणि दारापासून हॉलमधून बेडरूमच्या उंबऱ्यापर्यंत आणि तिथून टेरेसपर्यंत सलग अंथरल्या, कडा डबल टेपने चिकटवल्या. लग्नात व्याही येतात तेव्हा पायघड्या घालतात, अगदी तसं. कुंड्या परत केल्या. ड्राय बाल्कनी रिकामी करून तिथे एक बादली, एक मग आणि एक जुना टॉवेल ठेवला, बस. टेरेसवर सावलीच्या कोपऱ्यात स्टीलच्या पातेल्यात पाणी.

बंड्या दारात थांबला. परत हुंगलं, शिंकला नाही. सतरंजीवर एक पाय ठेवला, थांबला, दुसरा ठेवला. मग आपला हत्तीसारखा डुलत निघाला, सतरंजी सोडून एक इंच बाहेर गेला नाही पठ्ठ्या. बेडरूममध्ये सतरंजी संपत होती, मी श्वास रोखून बघतेय, तर तो जुन्या मोझॅकवर गेला, तीन गिरक्या घेतल्या आणि धप्पकन बसला. आणि पाच मिनिटांनी कोणी हात न लावता स्वतः उठला. साहेब बाईंकडे बघत होते, बाई खाली फरशीकडे, आणि मी अशा वेळी तोंड बंद ठेवायचं हे पंधरा वर्षांत शिकलेय.

टेरेसवर गेल्यावर मी आपणहून सांगितलं की वरून कचरा पडतो. साहेब म्हणाले जाळी मारून घेऊ, ती तर आम्हाला तशीही लागणार. खाली जुनं चायना मोझॅक होतं, पांढरं, खडबडीत, बाकीच्या पार्ट्यांना ते जुनाट वाटायचं, यांनी वाकून हात फिरवून बघितला आणि म्हणाले हे मात्र कधी काढायचं नाही. ज्या टेरेसमुळे सहा महिने फ्लॅट अडला होता त्याच टेरेसवर उभं राहून टोकन ठरलं.

भावात घासाघीस झालीच, ती कुठे सुटते. पण हॉलची टाईल बदलायचा खर्च धरून त्यांनी मागितलं आणि काकांनी फार न ताणता दिलं. ॲग्रीमेंट बाईंच्या एकटीच्या नावावर केलं म्हणजे स्टॅम्प ड्युटी सातऐवजी सहा टक्के पडली, रजिस्ट्रेशनचे तीस हजार वेगळे. वाचलेल्या एका टक्क्यात पूर्ण हॉलला मॅट टाईल बसली आणि वर पैसे उरले असं त्याच म्हणाल्या.

हे झाल्यावर मला दोन-तीन जणांनी विचारलं की आमच्याच घरात कुत्रा आहे, घर विकायचंय, तर काय करू. तर पहिलं म्हणजे तुम्हाला तुमच्या घराचा वास येत नाही हे मान्य करा. नाकाला सवय होते. ज्याच्याकडे कुत्रा नाही असा एखादा स्पष्टवक्ता नातेवाईक बोलवा (पुण्यात ही अडचण येऊ नये) आणि दारात उभं करून विचारा. शू केलेल्या जागी फिनाईल मारून उपयोग नसतो, ते टाईलच्या सांध्यात मुरलेलं असतं, त्याला एन्झाईमवालं क्लीनर मिळतं पेट शॉपमध्ये, ते ओतून चांगलं मुरू द्यायचं, आणि सांधे फारच काळे असतील तर खरवडून नवीन ग्राऊट भरून घ्यायचं. पडदे, सोफ्याची कव्हरं धुवा. दाराच्या खालच्या फुटभर भागावर नखांचे ओरखडे असतात, सुताराला बोलावून तेवढंच पॉलिश करा. आणि व्हिजिटच्या वेळी कुत्र्याला फिरायला न्या, तो कितीही गुणी असला तरी. समोरची पार्टी कुत्रेवाली असेल तर दुप्पट न्या, नाहीतर दोघं दारातच एकमेकांची कागदपत्रं तपासत बसतात.

परवा कर्वेनगरचे एक गृहस्थ आले होते, बंड्याची गोष्ट त्यांनी कुठूनतरी ऐकलेली, म्हणाले माझा पण फ्लॅट कुत्रेवाल्यांना विकून द्या, ते भाव चांगला देतात म्हणे. जाऊन बघितलं. सातवा मजला, चार माणसांची लिफ्ट, बाल्कनी पश्चिमेला आणि तिच्या रेलिंगच्या गजात एवढी फट की पग आरपार जाईल, खाली उतरलं की थेट मेन रोड, आणि लिफ्टमध्ये तो सेलोटेपवाला कागद. म्हटलं काका, कुत्रेवाल्यांचं विसरा, तुमच्या बाल्कनीतून सूर्यास्त छान दिसतो, फोटो संध्याकाळी काढूया.