कुरतडलेल्या पानांची बाग

"अगं, ह्यांच्या झाडांना कीड लागलीय सगळी. फवारणी करत नाहीत का ही माणसं?"

ठाण्यातल्या ओवळेकर वाडीत, फुलपाखरांच्या बागेत, शिरल्यावर आईचं हे पहिलं वाक्य. तिचं म्हणणं चूक नव्हतं. रुईची पानं अर्धीमुर्धी खाल्लेली, कढीपत्त्याच्या काही फांद्यांवर नुसत्या काड्या उरलेल्या, पानफुटीच्या मांसल पानांना भोकं. डोंबिवलीच्या गॅलरीत पन्नासेक कुंड्या सांभाळणाऱ्या बाईला हे बघवणं कठीण होतं. मी काही बोलले नाही. तिला ते तिथेच, त्या झाडांजवळ उभं राहून कळावं, असं वाटत होतं.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून घोडबंदर रोडला जाणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि ओवळ्याला उतरायचं. रविवारी सकाळी रस्ता मोकळा मिळतो. मेट्रोचे खांब आणि उंच इमारती मागे पडतात आणि मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पाच-दहा मिनिटांत येऊरच्या डोंगराचा पायथा दिसू लागतो. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि पुढे ही साधारण दोन एकरांची वाडी. क्रीडाशिक्षक असलेल्या राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या घरच्या जमिनीवर ती उभी केली. इथे जाळी नाही, छप्पर नाही, काचेचा घुमट नाही. फुलपाखरं आणून सोडलेली नाहीत. त्यांना हवी ती झाडं लावली आणि ती जंगलातून आपली आपण आली. आजवर शंभराहून जास्त जाती इथे दिसल्या आहेत. लोकांसाठी वाडी रविवारी सकाळी उघडी असते.

आम्ही गेलो तो ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पाऊस संपत आलेला, पण आकाश त्या दिवशी भरून आलेलं. पहिला अर्धा तास एकही फुलपाखरू उडताना दिसलं नाही. बरोबर आलेल्या एका कुटुंबातली मुलं कंटाळली. खरं तर फुलपाखरं तिथेच होती, पानांखाली पंख मिटून बसलेली. त्यांचं रक्त थंड, उडायचे स्नायू तीसेक अंशांपर्यंत तापल्याशिवाय पंख नीट चालत नाहीत. म्हणून ती उन्हाची वाट पाहत होती आणि आम्ही त्यांची.

ऊन नऊच्या सुमारास आलं. आधी डोंगराच्या कडेवर, मग समोरच्या आंब्यावर, मग आमच्या पायांशी. आणि त्याबरोबर बाग जागी झाली. जमिनीलगत एकदांडीच्या फुलांवर पिवळी ग्रास यलो, पेंटासच्या झुबक्यांवर कॉमन जेझेबेल, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळ्यावर लाल ठिपक्यांची झालर असलेलं. हिरवे ठिपके आणि शेपटी असलेला टेल्ड जे इतक्या घाईत होता की एका फुलावर दोन सेकंदही टिकेना. या कुळातली बहुतेक मंडळी मध पितानाही पुढचे पंख फडफडत ठेवतात, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांची परीक्षाच असते. मी फोन पिशवीत टाकून दिला. असल्या जागी डोळ्यांनीच बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरी गर्दी मात्र फुलांवर नव्हतीच. वाटेच्या वळणावर खुळखुळ्याचं एक झुडूप होतं, शेंगा वाळून खुळखुळ वाजणारं. त्यातली एक फांदी मोडून सुकत चालली होती आणि त्या सुकलेल्या फांदीवर तीस-चाळीस फुलपाखरं लगडली होती. ब्ल्यू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, गडद तपकिरी कॉमन क्रो. एकमेकांच्या पंखांवर पाय देत, सोंडेने देठ खरवडत. आम्ही वीतभर अंतरावर गेलो तरी हलेनात. आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. "ह्यात मध तो कुठला?" तिने विचारलं.

मध नसतोच. खुळखुळ्यात एक कडवट विषारी द्रव्य असतं, ते शोषायला ही मंडळी येतात आणि येणारे जवळजवळ सगळे नर असतात. त्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. ज्याच्याजवळ ते पुरेसं नाही, त्याला मादी सहसा दाद देत नाही. शिवाय हे विष अंगात असलं की पक्षीही एकदा चोच लावून पुन्हा वाटेला जात नाहीत. टायगर आणि क्रो इतक्या संथपणे, हवेत तरंगल्यासारखे उडतात ते याच भरवशावर. त्यांना पळायची गरजच पडत नाही. आपल्याला ती इतक्या जवळून बघता येतात, त्याचं कारणही हेच.

त्या झुडपापाशी आम्ही निदान वीस मिनिटं उभ्या होतो. उभं राहणं ही या बागेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. चालत राहिलं की फुलपाखरं दिसतात आणि उडून जातात. थांबलं की ती तुम्हाला विसरतात. मग एखादं येऊन बाहीवर बसतं आणि घामातलं मीठ टिपायला लागतं. माझ्या मनगटावर एक स्ट्राइप्ड टायगर बसलं. त्याची घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडली आणि कातडीवरून हळूहळू फिरू लागली. स्पर्श जवळजवळ कळत नव्हता. डोक्यावरचे पांढरे ठिपके मोजता येत होते. नीट पाहिलं तर पाय चारच दिसतात, पुढची जोडी आखडून छातीशी धरलेली असते. मी श्वास रोखून बसले होते आणि आई माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा फुलपाखरू उद्यानातही मी गेले आहे. २००६ साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं फुलपाखरू उद्यान. मोठ्या घुमटाखाली धबधबा, दमट हवा, हिरवी गर्दी. आत पाऊल टाकलं की फुलपाखरं दिसणारच, त्यात शंका नाही आणि लहान मुलांना पहिल्यांदा न्यायला ती जागा उत्तम. गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळला, मंगेशीपासून फार लांब नाही, जांभ्या दगडाच्या उतारावर फुललेली फुलपाखरांची बाग आहे, तीही मला फार आवडली. तिथे झाडांच्या सावलीत पाण्याच्या आवाजात बसून राहता येतं. पण माझं मन ओवळ्यात जास्त रमतं. इथे आज काय दिसेल ते कुणीच सांगू शकत नाही आणि जे येतं ते स्वतःच्या मर्जीने आलेलं असतं. ऊन आलं नसतं तर आम्ही रिकाम्या हाताने परतलो असतो, हे मला मनापासून पटतं.

सूर्य वर आला आणि डोंगराकडच्या बाजूने एक मोठी काळी सावली झेपावत आली. मला आधी पाखरूच वाटलं. ब्ल्यू मॉरमॉन! मखमली काळ्या पंखांवर निळसर राखी पट्टे, मागच्या पंखांवर त्याच निळ्यात काळे ठिपके. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटीमीटर, म्हणजे माझ्या पसरलेल्या पंजाएवढा. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं. असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात. राणी आली, एका पेंटासवर दोन क्षण फडफडली आणि लिंबाच्या झाडाकडे गेली.

तिच्या मागोमाग आम्हीही गेलो. ती मादी होती आणि तिला फुलं नको होती. एका पानावर टेकायची, पुढच्या पायांनी त्यावर टकटक करायची, पुढच्या पानावर जायची. फुलपाखराला पायांनी चव कळते. हे लिंबूच का, पान कोवळं आहे का, हे ती पायांनी चाखून बघते. सातव्या-आठव्या पानावर तिने पोट वाकवलं आणि उडाली. पानावर मोहरीएवढं, फिकट हिरवट, गोल अंडं चिकटलेलं होतं.

त्याच झाडावर शेजारच्या पानावर पक्ष्याची ओली विष्ठा पडल्यासारखं काहीतरी होतं. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, चकचकीत. आईने ते बघितलं आणि ती एकदम गप्प झाली.

"हे तर आपल्या कढीपत्त्यावर येतं," ती म्हणाली.

येतं. दर पावसाळ्यात येतं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं शहरातल्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतही अंडी घालायला येतात. लहानपणी ही अळी विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्याकडे बघतही नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेली लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आई तीस वर्षं काडीने त्या अळ्या उचलून खाली टाकत आली होती. मीही टाकल्या आहेत. संध्याकाळी त्याच गॅलरीत चहा पिताना आम्ही म्हणायचो, हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत.

आईने मागे वळून सगळ्या बागेकडे पुन्हा एकदा पाहिलं. रुईची खाल्लेली पानं म्हणजे प्लेन टायगर. पानफुटीची भोकं म्हणजे रेड पिएरो, त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतून पान पोखरते. ईश्वरीच्या वेलावर क्रिमझन रोझ, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, आंब्यावर बॅरन, ज्याची काटेरी हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नाही. फुलं कुठल्याही बागेत असतात. नर्सरीतून झेंडू-पेंटास आणले की मध प्यायला पाहुणे येतात आणि पिऊन जातात. पण त्यांनी इथेच राहावं, इथेच वाढावं असं वाटत असेल, तर त्यांच्या पिल्लांना खाऊ द्यावं लागतं. प्रत्येकाचं झाड ठरलेलं आणि ते कुरतडलेलं बघायची तयारी हवी. या वाडीत ती तयारी पानापानावर दिसते.

निघायच्या थोडं आधी कण्हेरीच्या झुडपापाशी पाच-सहा जणं वाकून उभी होती. पानाखाली कॉमन क्रोचे कोष लटकत होते. ते चांदीसारखे दिसतात असं म्हणणं अपुरं आहे. ते आरसे असतात. त्यात मला माझा वाकडा चेहरा आणि मागचं आभाळ दिसलं. त्यातला एक मात्र काळपट पडला होता, कवचातून आतले दुमडलेले पंख कळत होते. आम्ही तिथेच खाली बसलो.

दहा मिनिटांनी कवच खालून फाटलं. ओलं, सुरकुतलेलं, पंखांऐवजी चुरगळलेले चिंध्यांचे तुकडे असलेलं एक शरीर बाहेर सरकलं आणि रिकाम्या कोषाला पायांनी धरून लोंबकळलं. पोट फुगलेलं. तिथून ते पंखांच्या शिरांमध्ये द्रव ढकलत होतं आणि चुरगळलेलं पान पाण्यात टाकल्यावर उलगडावं तसे पंख डोळ्यांदेखत लांब होत गेले. सोंड दोन वेगळ्या धाग्यांची होती. ते धागे ते पुन्हा पुन्हा गुंडाळत-उलगडत एकमेकांत अडकवून त्यांची एक नळी करत होतं. हे मला माहीत नव्हतं. जन्मल्यावर पहिलं काम म्हणजे स्वतःचं तोंड जोडून घ्यायचं! मग लालसर द्रवाचे दोन थेंब पानावर पडले. कुणीतरी "रक्त!" म्हणालं. रक्त नव्हे, कोषातल्या दिवसांत साठलेला मळ तो.

सगळे मिळून आठ-नऊ अनोळखी माणसं होतो, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मघाची कंटाळलेली मुलंही गुडघ्यांवर बसली होती. त्यातल्या एकीने हात पुढे केला तेव्हा आईनेच तो हळूच धरला. "थांब हं बाळा. पंख ओले आहेत अजून."

ते उडेपर्यंत थांबायचं आमच्या नशिबात नव्हतं. पंख वाळायला तास-दोन तास लागतात आणि बाग मिटायची वेळ जवळ आली होती. जाता जाता सावलीतल्या एका ताटलीत ठेवलेल्या पिकलेल्या केळ्यांवर इव्हिनिंग ब्राउन दिसलं, वाळक्या पानाच्या रंगाचं. मी थांबले, आई पुढे गेली. बाहेर आल्यावर ती रुईचं आणि ईश्वरीचं रोप कुठे मिळेल याची चौकशी करत होती.

तुम्ही जाणार असाल तर पाऊस ओसरल्यावर, उन्हाच्या सकाळी जा. दुपारी उन्हाच्या कडाक्यात फुलपाखरंही सावली धरतात. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, तेवढ्यानेच ती उडतात. आणि पंखांना हात लावू नका. बोटांना लागते ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले असतात आणि ते पुन्हा येत नाहीत.

परवा संध्याकाळी आईचा फोन आला. मी नुकतीच ऑफिसातून बाहेर पडले होते.

"येताना भाजीवाल्याकडून कढीपत्ता घेऊन ये," ती म्हणाली. "घरचा संपत आलाय. सात आहेत आता."