रुमालाखालचा हात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि मला आधी आठवले ते आमचे तात्या. तात्या म्हणजे माझे आजोबा. ते आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. चौथी झाली, वडील गेले आणि अकराव्या वर्षी ते सांगलीच्या गणपती पेठेत एका अडत दुकानात पोती शिवायला बसले. पण १९७४ ते १९७९ ही माझी शाळेची वर्षं त्यांनी माझ्याइतकीच मनापासून भोगली. स्नेहसंमेलनाला बसायला पोती त्यांच्या दुकानातून यायची आणि पहिल्या पोत्यावर ते स्वतः येऊन बसायचे.

तोवर त्यांची स्वतःची हळदीची अडत होती. पहाटे चारला उठायचे, कृष्णेत पोहून यायचे आणि सहाच्या ठोक्याला दुकानात. हंगामात रात्री दहाशिवाय घरी येणं नाही. तरी भावे नाट्यमंदिरात नाटक लागलं की रात्री जेवण उरकून ते जायचेच, आणि सकाळी पुन्हा सहाला दुकान. लोक म्हणत, तात्या कष्टाळू आणि वर हौशी. मला हे 'वर' कधी पटलं नाही. त्यांची हौस कामातच होती.

हळद पारखताना बघावं त्यांना. ढिगातून एक हळकुंड उचलायचं, कानाजवळ न्यायचं आणि मधोमध मोडायचं. 'टक्' असा कोरडा आवाज आला की माल वाळलेला. ओलसर असेल तर ते आधी वाकतं आणि मग चिवटपणे तुटतं. मग तुटलेली बाजू उजेडात धरायची. आतला गडद केशरी रंग दिसला की तात्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू ती हळद त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आम्हा मुलांना डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायला लावायचे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, त्या दिवशी मी पुण्याच्या घरात डब्यातलं एक हळकुंड काढून कानाजवळ मोडलं.

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं धरत आणि भाव बोलत. तोंडाने अक्षर नाही. रविवारी दुपारी तात्या हाच खेळ घरी मांडायचे. आम्ही बारा नातवंडं. मधे भडंगाचं ताट, नाहीतर उरलेली एकच पुरणपोळी. एकेकाने तात्यांसमोर बसायचं, रुमालाखाली हात घालायचा आणि पोळीच्या बदल्यात किती पाढे म्हणणार, किती खेपा पाणी भरणार, ते बोटांनी ठरवायचं. चेहरा हलला की सौदा गेला. तात्यांच्या मिशा थरथरायच्या, पण डोळे अगदी गंभीर. नातवंड म्हणून सूट अजिबात नाही. माझ्या धाकट्या भावाने एकदा सतराचा पाढा कबूल केला आणि तो रात्री अकराला पाठ करून दाखवला, तेव्हाच त्याला पोळी मिळाली. तोवर तात्या जागे होते.

आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी हरिपूरची पेवं दाखवायचं ठरवलं आणि तात्यांनी आमच्या वर्गाला आमंत्रणच धाडलं. आम्ही चालत गेलो. पेव म्हणजे जमिनीतलं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढा घेर. हरिपूरची माती अशी, की त्यात हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही आणि रंग उतरत नाही. तात्यांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. निम्म्यावर ज्योत बारीक झाली, आणखी खाली गेल्यावर विझली. चाळीस मुलं एकदम गप्प. "आत हवा नाही," तात्या म्हणाले. "आता कुणी उतरायचं नाही. माल कुठं पळून जात नाही." ते पेव उघडं ठेवून आम्ही संगमावर गेलो, आणि कृष्णा-वारणेच्या त्या वाळूत पासष्टीला टेकलेले तात्या धोतराचा काचा मारून आमच्या मुलांशी विटीदांडू खेळले. दुपारी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा हमाल उतरले आणि वर आलेल्या पहिल्या पाटीतलं हळकुंड तात्यांनी सरांच्या हातात ठेवलं. सरांनी ते बरीच वर्षं टेबलाच्या खणात जपलं होतं.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. तात्या तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर मुलगे नको नको म्हणत असताना गाडीतून गेले. पेवातून काळा पडलेला, आंबट वासाचा चिखल निघत होता. तात्यांनी तो तळहातावर घेतला, नाकाशी नेला, खाली टाकला. मग पेव भरणाऱ्या माणसाला विचारलं, "घर राहिलंय का रे तुझं?" नुकसानीचं त्यांनी माझ्यादेखत कधी काढलं नाही.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. वाचा गेली होती. मी पुण्याहून आले, तर त्यांनी उशाचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी तीन बोटं धरली. मी त्यांची दोन धरली. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा तीन. कशाचा सौदा चाललाय ते मला कळेना, पण चेहरा हलू द्यायचा नव्हता. शेवटी मी त्यांचा अख्खा पंजा धरला. तात्यांच्या मिशा थरथरल्या. त्यांनी हात सोडवला आणि रुमालाची घडी घालून तो उशाखाली ठेवला.