पच्चीस पाउंडर आणि उजवा कान

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, नागपुरात धंतोलीत. कान तपासायचे, मशीन बसवायची आणि उरलेला दिवस घरच्यांना समजवायचं की ओरडून बोलल्याने म्हाताऱ्या माणसाला जास्त ऐकू येत नाही, फक्त भांडण चाललंय असं वाटतं. ही केस मात्र डोक्यातून जातच नाहीये.

काटोलकडचे एक रिटायर्ड फौजी, पंच्याहत्तरी पार, सोबत सून आणि नववीतला नातू. पोराला शाळेत १६ डिसेंबरच्या विजय दिवसासाठी आजोबांचा व्हिडिओ करायचा होता. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामाजी लढाईचं काहीच सांगत नाही मॅडम, विचारलं की नुसती मान हलवतात, मनात काहीतरी धरून बसलेत, आम्ही तर विचारणंच सोडलं." हे मी इतक्या घरांकडून ऐकलंय ना! फौजी गप्प बसला की झाली लगेच मनावरची खोल जखम, सिनेमे बघून बघून लोकांची डोकी फिरलीत. कान आधी कोणी तपासत नाही.

आधीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं 'वयोमानाने बहिरेपणा'. बस, तेवढंच. अरे, वयाचा बहिरेपणा दोन्ही कानांत साधारण सारखाच उतरतो, आणि इथे ग्राफवर ४००० हर्ट्झला खड्डा, ८००० ला रेष पुन्हा थोडी वर, म्हणजे मोठ्या आवाजाने मारलेला कान, आणि त्यातही उजवा डाव्यापेक्षा तब्बल ३० डेसिबलने खाली. एवढा फरक दिसला की नसेवर गाठबिठ नाही ना हे बघावंच लागतं, पण एमआरआय सुनेच्या पिशवीतच होता, क्लीन. मग उजवाच का? उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. इथे सगळं उलटं.

"काका, फौजेत काय होता तुम्ही?" बूथचं दार उघडून जरा जाड आवाजात, हळू विचारलं.

"तोपखाना. पच्चीस पाउंडर. लेयर."

आणि मग हाताने दाखवलं, लेयर म्हणजे या पच्चीस पाउंडर तोफेचा नेम धरणारा, तो तोफेच्या डाव्या अंगाला बसतो, नळी आणि ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं टोक, त्याच्या उजव्या कानाशी. बाकीचे कानात बोटं घालू शकतात, लेयरचे हात चाकांवर. मधूनमधून कापूस कोंबायचा, घामाने तो पडून जायचा. ग्राफच बोलत होता समोर.

फरक असला की मास्किंग करावं लागतं, म्हणजे चांगल्या कानात सूंऽऽ असा आवाज सोडून त्याला बिझी ठेवायचं आणि दुसरा तपासायचा. तो सुरू केला तर काका बटण खाली ठेवून म्हणाले, "बाई, हा बंद करा. हा तर माह्या कानात हिलीपासून चालूच आहे." हिली म्हणजे १९७१ च्या युद्धातली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची लढाई. एवढ्या वर्षांत घरात कोणाला माहीत नाही. सून बघतच राहिली.

स, श, थ, फ हे आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते, सुनेचा बारीक आवाज आणि पोराचं फटाफट बोलणं तर नाहीच नाही. प्रश्नच कळत नसेल तर माणूस मान हलवणार नाही तर काय करणार?

दोन्ही कानांना मशीन बसवलं त्या दिवशी पोराने तिथेच मोबाईल धरला. "आबाजी, किती पाकिस्तानी मारले तुम्ही?"

"मले का माहीत? मी दोन दांडे पाहात होतो."

पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण खरंच तसंच असतं. शत्रू कुठेतरी मैलोन्‌मैल पुढे, लेयरच्या साईटमध्ये दिसतात ते फक्त बाजूला रोवलेले लाल-पांढरे पट्ट्यांचे दांडे, रात्री त्यांवर दिवे. पुढे बसलेला ओपी, म्हणजे गोळा कुठे पडला ते बघणारा, वायरलेसवर सांगणार अ‍ॅड, ड्रॉप, लेफ्ट, राइट, आणि याने आकडा लावायचा. पुस्तकात लढाई ३ डिसेंबरला सुरू होते, काका म्हणाले आमची तर नोव्हेंबरातच झालती. खरं आहे ते, हिलीवर गार्ड्सचा, म्हणजे पायदळाच्या त्या रेजिमेंटचा, हल्ला २२-२३ नोव्हेंबर १९७१ च्या रात्रीचा. कामठीला गार्ड्सचं सेंटर आहे, रोज त्या रस्त्याने हजारो लोक जातात, हिली कोणाला माहीत असेल देव जाणे.

मग ते सुटले. तोफेखाली लोखंडी गोल प्लॅटफॉर्म टाकायचा, त्यावर ती एका माणसाला फिरवता येते, पण धानाच्या बांधीत प्लॅटफॉर्मच एका बाजूने खचायचा, लेव्हलचा बबल सरकायचा, परत लेव्हल करा, परत दांडे धरा. साडेअकरा किलोचा गोळा हातोहात. वीसेक मिनिटं तरी बोलले असतील, बोटांनी हवेत चाक फिरवत. "गार्ड्सवाले चिखलातून पुढं गेले, आमी मागून फायर देत होतो. सकाळी जे मागं आनले..." इथे थांबले आणि पुन्हा प्लॅटफॉर्मवर आले. पोराने रेकॉर्डिंग केव्हाच बंद केलं होतं. वरून सून म्हणे, "मामाजी, काहीतरी स्टेटसला ठेवण्यासारखं सांगा ना." काय बोलणार!

परवा फॉलोअपला आले. मशीन कॉम्प्युटरला जोडलं की दिवसाला सरासरी किती तास घातलं ते दिसतं. डावं ११ तास. उजवं जेमतेम २.

"उजव्याची बॅटरी उतरते," काका म्हणाले. बॅटरी बरोबर होती. आता माझ्या धंद्यातलं उत्तर सोपं आहे, त्या कानात शब्द फुटूनच येतात, आवाज वाढवला तर अजून किरकिर होते, माणूस काढून ठेवतो. पण मी सहज सुनेला विचारलं घरी कुठे बसतात, तर म्हणाली दिवाणावर भिंतीकडे, आणि शाळेतून आला की पोरगा उजवीकडे येऊन बसतो, "रोज विचारून राहिला तो आता, किती मेले, किती मेले."

काका खिडकीतून खालचं ट्रॅफिक बघत होते. डावं मशीन कानात होतं, त्यामुळे ऐकलं असणारच.

उजव्या मशीनचा गेन, म्हणजे आवाज, जरा उतरवून दिलाय. पोराला डावीकडे बसायला सांगू का नको, ते अजून ठरत नाहीये.