आमची वाटचाल: स्लॉटमधला कागद

सांगलीत मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचं दुकान टाकलं तेव्हा आमच्याकडे कॉइल गुंडाळायचं मशीन, हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, तपासायचं मीटर) आणि भागीदार म्हणून मामा, एवढंच होतं. मामा जातिवंत वाइंडर, पण त्यांचा जीव तांब्यापेक्षा कागदावर. स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसते त्या खाचेत, लेदरॉइड (तार लोखंडाला टेकू न देणारा कागद) बसवताना घडी नखाने दाबायचे. स्लॉटच्या कडेवरून बोट फिरवून बोचरी जागा दिसली की कानस घ्यायचे.

२००५ च्या महापुरात दुकानात कमरेइतकं पाणी. कागदाचे रोल भिजले. पाणी ओसरलं आणि नदीकाठच्या बुडालेल्या मोटरींचा ढीग लागला. बाजारात कागद मिळेना. मी भिजके रोल उन्हात वाळवले. मामा म्हणाले, "वरून वाळलाय, आत ओल आहे. घालू नकोस." मी घातला. लेदरॉइड म्हणजे सेल्युलोज, हवेतलीसुद्धा ओल ओढतो; हा तर गाळात भिजलेला. दीड महिन्यात सतरा मोटरी बॉडीला शॉर्ट होऊन, म्हणजे तारेतली वीज लोखंडी अंगात उतरून, परत आल्या. सगळ्या फुकट भरून दिल्या. मामांच्या बायकोचे दागिने गहाण पडले.

ती चूक माझीच. पण आमच्याच पेठेतला एक दुकानदार गावोगाव सांगत फिरला, की आम्ही जळक्या मोटरीतला कागद काढून परत घालतो. धादांत खोटं! स्वतः मात्र पुरातल्या मोटरी धुऊन, उन्हात ठेवून, वरून वॉर्निश मारून नव्याने भरल्याचे पैसे घेत होता. वीस वर्षं झाली, मी विसरलेलो नाही.

त्या सतरांत पाणीपुरवठा संस्थेची ४० एचपीची मोटरही होती. संस्थेचे अण्णा आले आणि म्हणाले, "परत भर. या खेपेला माझ्यासमोर." तीन दिवस स्टुलावर बसून राहिले. त्यांची मोटर चालली म्हणून बाकीचे शेतकरी परतले.

मग कर्ज काढून ओव्हन घेतला. भरलेली मोटर आधी तापवून ओल घालवायची, वॉर्निशमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायची, निथळवायची, पुन्हा भाजायची. यातला एक तासही आम्ही चोरत नाही. २०१९ चा पूर आला तेव्हा रोल पहिल्याच दिवशी माळ्यावर होते.

मोठी मोटर भरून घेताना मेगर एक मिनिट फिरवून सोडू देऊ नका. दहा मिनिटं फिरवायला लावा. आतलं इन्सुलेशन कोरडं असेल तर आकडा चढत जातो, ओल असेल तर जवळपास तिथेच अडतो. मोटर गार असताना बघा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं. आणि बिलावर क्लास, म्हणजे इन्सुलेशन किती उष्णता सोसतं ते, लिहून घ्या. बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५. तार एफची आणि कागद बीचा असेल, तर ती मोटर बीचीच. कागदाचे तुकडे आमच्या काउंटरवर ठेवलेले असतात. मोटर आमच्याकडे भरा किंवा नका भरू, ते हातात घेऊन बघून जा.