पाकिटात गेलेलं मत

१९९६ ची लोकसभा दोन वर्षंही टिकली नाही. काँग्रेसनं पाठिंबा काढला, गुजराल सरकार पडलं आणि १९९८ च्या सुरुवातीला आम्हा मास्तर लोकांच्या हातात पुन्हा निवडणुकीच्या ऑर्डरी पडल्या. मला बेळगाव तालुक्यातलं, चंदगडच्या हद्दीजवळचं एक गाव मिळालं. केंद्राध्यक्ष मीच.

१९९६ ला महाराष्ट्र एकीकरण समितीनं सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून शेकड्यांनी अर्ज भरले होते. ४५६ उमेदवार, मतपत्रिका म्हणजे पुस्तिकाच. मग अनामत ५०० वरून १०,००० झाली आणि गर्दी ओसरली. या खेपेला काम हलकं वाटत होतं.

दुपारी एक म्हातारी आली. यादीत तिच्या नावाखाली रेघ होती आणि बाजूला टिकही. बाईमाणसाचं मत झालं की रेघेबरोबर टिक करायची असते. म्हणजे तिचं मत पडलेलं. तिनं डावं बोट पुढं केलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

"गुर्जी, मी तर आत्ता आलो की! माझं मत कुणी घातलं?"

यादी वरखाली केली तेव्हा त्याच नावा-आडनावाची दुसरी बाई सापडली, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. तिची ओळ कोरी. सकाळच्या रांगेत ती येऊन गेली असणार आणि रेघ या म्हातारीच्या नावाखाली पडली असणार. ओळख पटवायला उमेदवारांचे एजंट बसवलेले असतात. हरकत घ्यायला २ रुपये भरावे लागतात, तेवढेही कुणी काढले नव्हते. चहा मात्र वेळेवर येत होता.

माझा एक सहकारी हळूच म्हणाला, "सर, ती दुसरी ओळ कोरी आहे, तिच्यावर देऊन टाका. हिशेब बरोबर बसतो."

हिशेब बसला असता, हे मलाही दिसत होतं. पण ती दुसरी बाई खरंच यायची असेल तर? माझ्या अंदाजावर मी दुसऱ्याची ओळ खर्ची घालू शकत नव्हतो. म्हातारीला प्रश्न विचारले, घर, नवरा, शेजारी, सगळी उत्तरं चोख. मग नियमाप्रमाणे प्रदत्त मत, म्हणजे नावावर आधीच मत पडलेल्या मतदाराचं वेगळं घेतलेलं मत. गठ्ठ्यातली सगळ्यात शेवटची मतपत्रिका काढायची, तिच्या पाठीवर केंद्राध्यक्षानं स्वतःच्या हातानं 'प्रदत्त मतपत्रिका' असं लिहायचं, वेगळ्या यादीत अंगठा घ्यायचा. आडोशाला जाऊन तिनं शिक्का मारला, नीट घडी घातली आणि सरळ पेटीकडे निघाली. तिला थांबवणं हे त्या दिवसाचं सगळ्यात जड काम. ही पत्रिका पेटीत जात नाही, पाकिटात जाते आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजली जात नाही.

"मग मी घातलो कशाला?" ती म्हणाली.

मी तिला खरं तेच सांगितलं. ती काही न बोलता गेली.

मतदान बंद होईपर्यंत कोऱ्या ओळीवरची बाई आली नाही.

आमच्या मतदारसंघातून भाजपचे बाबागौडा पाटील निवडून आले, १९ मार्चला वाजपेयींचा शपथविधी झाला. तो सहकारी पुढं कधीही भेटला की तीच गोष्ट काढायचा: "बघा सर, आली नाहीच ना ती?" मी अजूनही त्या ओळीवर पत्रिका देणार नाही. पण त्याला पटेल असं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही.